चिंतूच्या पासपोर्टावरचे शिक्के

"सरकारी कागद मला शिकवतोस? अरे, तुजा जन्म नव्हता तवापास्नं मी बंदरावरच्या सायबांना कागद दाखवतोय!"

असं म्हणून नवापूरच्या महादू तांडेलाने पोराच्या हातातली सूचनांची चिठ्ठी घेतली, तिची घडी केली आणि न वाचताच टोपीत खोचली. तिथेच सगळं बिनसलं, पण ते तेव्हा कुणाला कळणार!

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. महादूची स्वतःची होडी होती आणि समुद्रावर त्याचा शब्द चालायचा. त्याचा एकुलता एक मुलगा चिंतू मात्र बोईसरच्या एका कारखान्यात पाइप फिटर होता. हात असा बसलेला, की मुंबईच्या एजंटाने एकदाच परीक्षा घेतली आणि मस्कतची नोकरी पक्की केली! अट एकच. सोमवारी सकाळी पासपोर्ट एजंटाच्या टेबलावर हवा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पासपोर्ट आदल्या मंगळवारी रजिस्टर टपालाने आला. चिंतूची त्या आठवड्यात डबल ड्यूटी होती, म्हणून तो बोईसरला मित्राच्या खोलीवरच झोपायचा. निघताना त्याने ती चिठ्ठी दिली आणि वर तोंडानेही बजावलं, "बाबा, सही करून घ्या आन् ट्रंकेत ठेवा. रविवारी येतो." किती सोपं काम! म्हशीनेसुद्धा केलं असतं.

महादूने पासपोर्ट ट्रंकेत ठेवण्याआधी उघडून पाहिला. पहिल्या दोन-तीन पानांवर फोटो आणि मजकूर होता. पुढे सगळी पानं कोरी! महादू घाबरलाच!

त्यालाही कारण होतं. बारा वर्षांपूर्वी होडीच्या बुकात त्या सालचा एक शिक्का राहिला, म्हणून होडी दोन दिवस बंदरात अडकवून ठेवली होती. टोपल्या भरून पापलेट त्याच्या डोळ्यांदेखत नासलं. तेव्हापासून महादूने खूणगाठ बांधली होती, की ज्याच्या बुकात शिक्का नाही त्याला जगात कुणी विचारत नाही.

"जमने, पोरगा परमुलखात चाललाय आन् ह्यात एक शिक्का नाय! तिथले सायब त्याला दारातनंच परत धाडतील!"

"अवो, पन सरकारनं तसंच दिलंय ना?" त्याची बायको जमना म्हणाली.

"सरकार नुस्तं बुक देतं. शिक्के आपुन आनायचे आसतात. होडीचं काय येगळं हाय?"

जमनाने मान डोलावली. होडीचं खरंच तसंच होतं.

बुधवारी महादू मच्छीमार सोसायटीत गेला. सेक्रेटरी जिवल्या त्याचा बालमित्र. "मारू?" त्याने विचारलं. "मार. चांगले दोन मार!" जिवल्याने शाई ओली करून दोन मारले. ही बातमी सरपंचांना लागली. सोसायटीचा शिक्का आहे आणि गावाच्या सरपंचाचा नाही, म्हणजे काय! त्यांनी महादूला बोलावून घेतलं आणि जिवल्याच्याही आधीचं पान निवडून दणदणीत गोल शिक्का हाणला.

गुरुवारी शाळा. हेडमास्तर तेवढे थबकले. "महादूभाऊ, यावर आम्ही शिक्का मारायचा असतो का?"

"सरपंचांनी मारलाय, गुर्जी."

हेडमास्तरांनी सरपंचांचं पान निरखून पाहिलं. मग त्यांनी कुलपातला शिक्का काढला, मारला, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'वागणूक चांगली.' शिकलेला माणूस असा फसतो, तिथे आपण महादूला काय बोलायचं?

शुक्रवारी रेशन दुकान झालं. शनिवारी तर महादू होडीने खाडी ओलांडून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पोचला. तिथल्या कंपाउंडरने शिक्का उलटा मारला! महादू भडकला. "माजा पोरगा काय बैल हाय, उलटा छाप मारायला?" त्याने शेजारी सुलटा मारून घेतला.

रविवारी जमनाने कुंकवात अंगठा बुडवला आणि फोटोच्या पानावर हळूच टेकवला. "माजा पन एक," ती म्हणाली. एकुलतं एक पोर समुद्रापार चाललेलं. महादूने ओल्या ठशावर फुंकर घातली. त्याचेही डोळे भरून आले होते.

मग त्याने पासपोर्ट प्लास्टिकात गुंडाळला, वर लाल फडकं घातलं आणि जाळं विणायच्या सुईने चारी बाजूंनी शिवून टाकला. संध्याकाळी चिंतू आला. त्याने हातातली पुरचुंडी उलटसुलट केली. "हे काय, बाबा?"

"पानी लागाया नको. आता थेट सायबासमोर उसवायचं. मी येतोच हाय संगती!"

सोमवारी एजंटाने कात्रीने टाके कापले आणि पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग चष्मा पुसून पुन्हा पहिलं.

"ये कौन सा मुल्क है?" त्याने एका शिक्क्यावर बोट ठेवलं.

"मुलूख नाय, सायब. ती आमची मच्छीमार सोसायटी."

"और ये?"

"जनावरांचा दवाखाना. पयला उलटा पडला, म्हनून दुसरा मारून घेतला."

"और ये लाल?"

"ती माजी बायको."

एजंट हसला असता तर बरं झालं असतं. त्याने पासपोर्ट मिटला आणि शांतपणे सांगितलं, "चाचा, ये पासपोर्ट अब किसी काम का नहीं. नया बनवाना पडेगा. छे-सात महिने."

महादूला वाटलं, काहीतरी कमी पडलं. तो अदबीने पुढे झाला. "मंग आता आनखी कुनाचा शिक्का लागंल, सायब?"

चिंतूने खाली मान घातली. मस्कतची जागा तिथल्या तिथे, मागच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या फिटरला मिळाली.

रस्त्यावर आल्यावर चिंतू एवढंच म्हणाला, "बाबा, यापुढं माज्या कागदाला हात लावायचा नाय. त्यात तोंड पन घालायचं नाय. शपत घ्या." महादूने भर रस्त्यात गळ्याला हात लावून शपथ घेतली. पोराने आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या तरी त्याने ऐकून घेतल्या असत्या. पण चिंतूने त्यानंतर त्याच्याशी बोलणंच टाकलं. बोईसरला खोली घेतली. रविवारी यायचा, आईशी बोलायचा, बापासमोर जेवायचा आणि जायचा. महादू पापलेटाचा मधला तुकडा त्याच्या ताटात सरकवायचा. चिंतू तो खायचा, पण मान वर करायचा नाही. समुद्रावर चार माणसांना दरडावणारा महादू ओट्यावर एकटा बसून स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा. आपण पोराचं नशीब बुडवलं, हे त्याला झोपेतही आठवायचं.

सात महिने गेले. चिंतूने सारी लिखापढी स्वतः केली; पत्ता तेवढा जुनाच, घरचा, द्यावा लागला. एजंट भला, त्याने या वेळी बहरीनची जागा धरून ठेवली. महिनाअखेरच्या मंगळवारपर्यंत नवा पासपोर्ट द्यायचा, बस्स!

त्या आधीच्या आठवड्यात सोमवारी अकराच्या सुमाराला पोस्टमन पंढरी दारात आला. जमना बोईसरच्या बाजारात मासळी विकायला गेली होती. "तांडेल, चिंतूचं रजिस्टर हाय. सही करा."

महादू दोन पावलं मागे सरला. "सही? नाय बाबा!"

"मंग नुस्तं घ्या तरी."

"हात पन नाय लावनार!" म्हणत महादूने आतून कडी लावली. पंढरीने ओट्यावर चिठ्ठी ठेवली. महादूने तिलाही हात लावला नाही. दुपारच्या वाऱ्याने ती उडून वाळत घातलेल्या बोंबलांत गेली. पंढरी बुधवारी आला, शुक्रवारी आला. दोन्ही वेळा जमना बाजारात आणि महादू कडी लावून आत. जमनाला त्याने अवाक्षर सांगितलं नाही. तोंड घालायचं नाही, हीसुद्धा शपथच होती की!

शनिवारी पंढरी बंदरावरच भेटला. "तांडेल, मुदत सपली. आज परत मुंबईला धाडलं बगा." महादूने सुटकेचा श्वास टाकला. या खेपेला आपल्या हातून काही बिघडलं नाही!

रविवारी चिंतू आला तो थेट बापासमोर येऊन उभा राहिला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने महादूच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाबा, माजं टपाल आलं व्हतं का?"

पोरगं बोललं! महादूला केवढा आनंद झाला! छाती फुगवून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"आलं व्हतं ना! तीनदा आलं! पन तुजी शपत, पोरा, मी हात नाय लावला!"