‘काढलं’ म्हणायचं नाही

हेड ऑफिसात बसणाऱ्या साहेबांनो, आरोप थेट तुमच्यावर आहे. तुम्ही भित्रे आहात. टॉवर अर्धवट टाकून, क्रेना तशाच लटकत ठेवून पळालात, ते एक वेळ सोडून देऊ. मंदी साऱ्या जगाला आली होती. पण माणसाला कामावरून काढताना ‘काढलं’ एवढं म्हणायचीही तुमच्यात धमक नव्हती. २००९च्या जानेवारीत प्रकाश दिघेच्या हातात तुम्ही जे पत्र ठेवलंत, त्यात कृतज्ञता होती, शुभेच्छा होत्या, ‘एकत्र केलेला प्रवास’ होता आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘लेट गो’ होतं. तारीख मात्र नव्हती.

प्रकाश तिकडे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात कंपनीचे नकाशे सांभाळायचा. पत्र घेऊन तो घरी आला, तेव्हा बायको अस्मिता आणि वरच्या मजल्यावरचे सुदेश-संपदा चहा घेत होते. सुदेश त्याच कंपनीत. त्यालाही त्या दिवशीच पत्र मिळालं होतं.

“आमच्या ह्यांना फेज आऊट केलंय,” संपदा मान ताठ ठेवून म्हणाली. “म्हणजे टप्प्याटप्प्याने. मानाने. ले ऑफ साइटवरच्या लोकांना करतात.”

अस्मिताने नवऱ्याच्या हातातलं पत्र ओढून वाचलं. “लेट गो त्याच्या वरचं! कंपनीला सोडवत नाहीये, तरी सोडावं लागतंय, असा भाव आहे त्यात. फेज आऊट जुन्या मशीनला करतात, संपदा.”

“वहिनी, मशीन कोणाला म्हणताय?” सुदेशने बिस्किट खाली ठेवलं.

कोपऱ्यात दहावीचा अभ्यास करणारा सिद्धांत मान वर न करता म्हणाला, “गाईज, दे ऑल मीन द सेम थिंग. यू आर फायर्ड.”

“तू गणित कर!” चौघंही एकदम ओरडले.

पाहुणे गेल्यावर अस्मिताचा आवाज उतरला. “खरं सांगा, काढलंय का? मार्चमध्ये त्याची बोर्डाची परीक्षा आहे. तुमचा व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात आपण तिघंही देशाबाहेर. दहावीच्या पोराला आता पुण्यात कोण शाळेत घेणार?”

“उद्या विचारतो,” प्रकाश म्हणाला.

विचारायचं एचआरच्या दौलतला. व्हिसा रद्द करायच्या फायली त्याच्याच टेबलावरून पुढे जायच्या.

“दौलतभाई, मला काढलं का?”

“तोबा, तोबा! काढलं कोण बोलला? यू आर बीइंग लेट गो.”

“कधीपासून?”

“इन्शाल्ला, लवकरच.”

“मग आज काम करू?”

“करो ना, कोण रोकता है?”

“म्हणजे काढलं नाही?”

“वो भी मैंने नहीं बोला, हबीबी.”

प्रकाशचं टाळकं सटकलं. कसाईसुद्धा सुरी लपवत नाही. हे लोक सुरीला रिबीन बांधून वर आभार मानत होते. तो खुर्ची ओढून बसला. “हो की नाही एवढं ऐकल्याशिवाय उठणार नाही.”

दौलतने काचेबाहेर बोट दाखवलं. बाहेर हातात पत्रं घेऊन माणसांची रांग लागली होती. “सगळे हेच विचारतात. मला तो शब्द बोलायची परमिशन नाही, वरून ऑर्डर आहे. तुमची इंग्लिश चांगली. पॅन्ट्रीत बसा, सगळ्यांना समजावून सांगा. तुमची फाईल मैं सबसे नीचे रखता हूँ. मार्चपर्यंत कोणी हात लावणार नाही. लडके का एक्झाम हो जाएगा.”

सिद्धांतची परीक्षा अशी दौलतच्या फायलींच्या ढिगाखाली जाऊन बसली, आणि प्रकाश पॅन्ट्रीत, चहाच्या मशीनशेजारी.

“वाइंड डाऊन?”

“काढलं.”

“स्टँड डाऊन?”

“काढलं.”

“पण साहेब, माझ्यात थँक यू दोनदा आहे.”

“दोनदा काढलं.”

जबल अलीच्या गोदामावरून कंपनीच्या बसने आलेल्या खैरुद्दीनने पत्र उघडलंसुद्धा नाही. “खलास?”

“खलास.”

“किसी ने तो मुँह खोला!” असं म्हणून त्याने प्रकाशला मिठी मारली आणि गावी फोन लावायला गेला.

सुदेशने मात्र मिठी मारली नाही. “सगळ्यांना सांगतोस ते ठीक आहे रे, पण मलाही तेच?”

“फेज आऊट म्हणजेही काढलंच, सुद्या.”

त्या संध्याकाळी संपदाने दिघ्यांचा डबा परत केला. रिकामा! चिमूटभर साखरसुद्धा आत नव्हती. “सात वर्षांत असा डबा आला नव्हता,” अस्मिता तो उलटा करून दाखवत म्हणाली. “जरा गोड बोलता येत नाही का हो तुम्हाला?”

“गोड बोलायला हेड ऑफिस आहे!” प्रकाश कडाडला. “मी माणसांशी बोलतो. माणसाला कळायला नको का, बॅग भरायची की डबा?”

पंधरवड्यात पॅन्ट्रीतली रांग संपली. ऑफिसात खुर्च्या उरल्या, माणसं नाहीत. प्रकाश एकटाच चहा ओतत होता, तेवढ्यात दौलत आत आला. दार लावलं. हातात लिफाफा.

“प्रकाशभाई, हे सकाळी आलं. मेरा वाला अलग है ना? बघा, स्टेप असाइड लिहिलंय. मी कोणालाच असं लिहिलं नव्हतं. असाइड म्हणजे बाजूला. बाजूला म्हणजे इथंच कुठेतरी ना?”

प्रकाशने पत्र वाचलं. खाली आणखी एक ओळ होती: सर्व फायली सोमवारी हेड ऑफिस ताब्यात घेईल. वरची, मधली, सगळ्यात खालची, सर्व.

त्याने पत्राची घडी घातली. दौलतला काढलं म्हणायचं, तर आपल्यालाही काढलं म्हणायचं. सिद्धांतच्या परीक्षेलाही काढलं म्हणायचं.

“भाषा फार चांगली आहे, दौलतभाई,” तो म्हणाला. “सन्मानाची आहे. म्हणजे एका अर्थाने बघितलं तर...”

“प्रकाशभाई.”

“चहा घेणार? इन्शाल्ला, काहीतरी...”

दौलतने लिफाफा टेबलावर आपटला. “चाय नहीं चाहिए! पूरे ऑफिस को मुँह पे बोला ना तूने? मुझे भी बोल. निकाला कि नहीं? हाँ या ना?”