क्रमांक एकेचाळीसचे केस

"ही उशी आहे की घसरगुंडी? तीनदा खाली गेलो," नवरा सकाळी माझ्या कानाशी पुटपुटला. त्याला वाटलं, मी झोपेत आहे. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, टोपीत मलम आणि मलमात केस अशा अवस्थेत कोणाला झोप लागते?

ते गुळगुळीत सॅटिनचे अभ्रे मीच आणले होते. सुती अभ्रा केसांतला ओलावा पिऊन टाकतो, हे ज्ञान मला मोबाइलवरून झालं. त्याआधी बावीस वर्षं मी पार्लरात जाऊन केस सरळ करून घेत होते. शेवटच्या वेळी त्या औषधाने कानामागे बोराएवढा फोड आला आणि मी घरात जाहीर केलं, "बास. आता जे आहे ते कुरळं!"

खरं कारण वेगळंच होतं. माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीचे केसही अगदी माझ्यासारखे, आणि तेच औषध लावून घ्यायचा तिचाही हट्ट सुरू झाला होता. आता तर पार्लरची शनिवारची वेळही घेऊन ठेवली होती. तिच्या कानामागे फोड बघायची माझी तयारी नव्हती. पण सांगून ऐकणाऱ्यातली ती नाही, माझ्यावरच गेलीय. म्हटलं, आपण करून दाखवू. माझे केस असे मऊ करते की ही आपणहून हट्ट सोडेल.

आठ महिने सरळ टोकं कापत आले. शेवटचं टोक गेल्या रविवारी गेलं आणि डोक्यावर उरलं काथ्याचं पायपुसणं. त्याला आधी पाणी पाजायचं, मग जवसाचं जेल, वर मलम, वर तेल. एवढं करूनही ऑफिसातला एसी दुपारपर्यंत सगळं गट्टम करायचा.

घरात कोणी स्पष्ट बोलेना. नवरा म्हणाला, "वेगळं वाटतंय." सासूबाई म्हणाल्या, "सर्दी नाही ना होत?" लेक नुसती बघायची.

शुक्रवारी मलम जरा सढळ हाताने चोपडलं, तेलकट स्कार्फ गळ्यात टाकला आणि जेवणाचा डबा ओट्यावरच विसरून ऑफिस गाठलं. आमच्या दाराशी चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आहे. सोमवारपासून ते माझ्यापुढे अडखळत होतं. त्या दिवशी साफ नाही म्हणालं. "चेहरा ओळखता आला नाही."

"मॅडम, केस जरा मागे घ्या," वॉचमन म्हणाला.

मी दोन्ही हातांनी घेतले.

"अजून थोडे. आणि ती काच पुसून बघा, धुरकट दिसतेय."

मी पुसली. त्याच हातांनी. काचेवर लोण्यासारखा थर आला. तो घालवायला गळ्यातला स्कार्फ फिरवला. मग काय, लोण्यावर तूप.

मागे कॅशियर उभे होते. त्यांच्या डोक्यावर केस नावाला नाहीत, दिवा लावला की खोलीत दोन दिसतात. ते यंत्रापुढे आले.

"शुभ सकाळ, क्रमांक एकेचाळीस," यंत्र प्रेमाने म्हणालं.

एकेचाळीस म्हणजे मी.

"मी कुठल्या बाजूने तुमच्यासारखा दिसतो हो?" कॅशियरांनी विचारलं. त्यांच्यामागून टायपिस्ट एकेचाळीस झाली. मग आवक-जावकवाले दोघं. मग साक्षात साहेब. सव्वादहापर्यंत माझी सतरा वेळा हजेरी लागली होती आणि मी अजून दाराबाहेरच होते.

यंत्र दुरुस्त करणारा आला. त्याने काच स्पिरिटने पुसली, बोटांचा वास घेतला, पण सभ्य माणूस, काही विचारलं नाही.

"काच झाली. बाकीच्यांचं ठीक आहे. पण मॅडमचा जुना फोटो काढून टाकावा लागेल. त्यात केस सरळ आहेत. इथे उभ्या राहा, नवा घेतो."

सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. काचेत मला माझं पायपुसणं दिसलं, एका बाजूने चपटं, दुसऱ्या बाजूने ठिबकणारं.

"सोमवारी घेतला तर चालेल का?" मी म्हटलं. "उद्या लेकीची पार्लरची वेळ आहे. तिच्याबरोबर मीही बसते. एकदाच. फोटोपुरतं."

कॅशियर माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले, म्हणून मी वळले. विसरलेला डबा घेऊन लेक उभी होती.

"अगं, ते आपलं मी असंच..."

"आई, तुला हे केस आवडत नाहीत," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "आठ महिने सगळ्यांना दिसतंय, बोलत कोणी नाही. आरशात बघताना तुझं तोंड कसं होतं, माहितेय?"

"कसं?"

तिने डबा माझ्या तेलकट हातात दिला.

"माझी वेणी घालताना व्हायचं तसं. मी चार वर्षांची होते, तेव्हापासून. म्हणून घेतलीय मी ती वेळ."