ड्रायरमधली निरांजनं

"मावशी, तू खरंच घरी बसून रायफलच्या गोळ्या भरतेस?"

जेवणाच्या टेबलावर बाबांचा घास तोंडाच्या वाटेवर अडकला. आता हा प्रश्न काही स्पृहाचा स्वतःचा नव्हता. वर्गातली भक्ती म्हणाली होती, "अशी मावशी कुणाची नसतेच! असेल तर विचारून दाखव." आणि स्पृहा मागे हटेल? छे! गेल्या महिन्यात तिने सगळ्या शाळेसमोर न अडखळता भाषण ठोकलं होतं, तेव्हापासून तिला जगात अवघड असं काही दिसतच नव्हतं.

निवेदितामावशी मात्र शांतपणे भातावर आमटी ओतत म्हणाली, "भरते की. कोल्हापुरात. परवाना आहे, खोलीला दोन कुलपं आहेत. लोणचं दे जरा."

लोणचं दे! स्पृहा बघतच राहिली. तीनशे मीटरवरचं निशाण टिपणारी बाई, आणि बोलते कशी, तर घरी पापड लाटल्यासारखं!

"मलाही शिकव ना!"

"इथे बहारीनमध्ये? नावसुद्धा काढायचं नाही! बंदुकीच्या दारूचा कण घरात आणलास तर मीच तुला पकडून देईन." मावशीने बोट रोखलं. "आणि पहिलं वर्षभर मी तरी कुठे गोळ्या भरल्या? झाडलेल्या पितळी पुंगळ्या फक्त घासल्या. घासायचं मशीन परवडत नव्हतं, मग बरणीत कोरडे तांदूळ घालायचे आणि हलवत बसायचं. हात मोडायचे, पण पितळ असं चमकायचं!"

"आई, तूच सांग आता! मी शनिवारच्या एअर रायफलच्या बॅचला जाऊ ना?"

अरुणाने, म्हणजे स्पृहाच्या आईने, हात जोडले. "बाई गं, तुला पाण्याची बाटली सरळ धरता येत नाही आणि रायफल? एक काम, एकच काम, नीट पार पाडून दाखव. मग बघू."

काम समोरच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून आईने पुण्याहून खोकंभर छोटी पितळी निरांजनं आणली होती, मधे फुलवातीसाठी इवलीशी नळी असलेली. बहारीनच्या खाऱ्या दमट हवेने ती काळीठिक्कर पडली होती.

"मी करते!" स्पृहा उभीच राहिली. "तुम्ही अदलियाच्या बाजारातून परत येईपर्यंत सोन्यासारखी करून ठेवते!"

दुसऱ्या दिवशी आई आणि मावशी खरेदीला गेल्या. बाबा, म्हणजे सदानंद, बँकेत. शाळेतून आल्यावर स्पृहाने बरणी घेतली, तांदूळ घातले, दोन निरांजनं टाकली आणि हलवायला लागली. पाच मिनिटांत हात असे दुखले की जणू एकटीने दहा मैल होडी वल्हवली! निरांजनं काळी ती काळीच.

आणि मग तिला ते दिसलं. कोपऱ्यात, पांढरंशुभ्र, गोल पोटाचं. कपडे वाळवायचं मशीन!

आहे की फिरतं यंत्र! मावशीला जे परवडलं नाही ते आपल्या जनाबिया भागातल्या घरात आयतं बसलंय! तिने सगळी निरांजनं आत ओतली. तांदूळ कमी पडले म्हणून मागचा डबाही रिकामा केला. तो आईचा आंबेमोहोर होता, विमानातून मांडीवर धरून आणलेला, पण कलेपुढे तांदळाचं काय! दार बंद, बटण चालू.

धाड! धाड धाड! तडतडतडतड धाड!

भिंत हादरली. देवघरातला गणपती चौरंगावर सरकायला लागला. स्पृहाला मात्र तो आवाज संगीतासारखा वाटत होता. डोळे मिटून ती स्वतःला तीनशे मीटरवर नेम धरताना बघत होती.

दारावर थापा! बाहेर कंपाउंडचा वॉचमन खिजर, घामाघूम.

"बेटा, अंदर क्या हो रहा है? बाजूवाली मॅडम बोलती है, फायरिंग हो रही है!"

आता 'मशीनचा आवाज आहे' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण स्पृहा मनाने अजून मावशीच्या कोल्हापुरातच होती. ती छाती काढून म्हणाली, "नहीं अंकल, फायरिंग कहाँ! मैं तो सिर्फ खाली कारतूस साफ करने की प्रॅक्टिस कर रही हूँ!"

खिजरचा चेहरा निरांजनांहून काळा पडला. "या अल्ला!" म्हणून तो जो पळाला, तो थेट कंपाउंडच्या मॅनेजरकडे. मॅनेजरने बाबांना फोन लावला. बाबा मीटिंगमधून, एका पायाची लेस सुटलेली, तसेच निघाले.

सगळे एकदमच पोचले. बाबा, मॅनेजर, खिजर, पिशव्या घेऊन आई आणि मावशी, आणि नटूनथटून लवकर आलेल्या तीन बायका!

"कुठे आहेत काडतुसं?" बाबा ओरडले.

"आईशपथ बाबा, निरांजनं आहेत!"

मॅनेजरने जपून, हात लांब करून मशीनचं दार उघडलं. भस्सकन तांदूळ! बुटांवर, पैठणीवर, खिजरच्या टोपीवर. आणि तांदळाच्या ढिगातून, अहाहा, निरांजनं! लखलखीत! मॅनेजर एक हातात घेऊन उलटंसुलटं बघत राहिला. खिजर म्हणाला, "माशाल्ला!" आणि हसत सुटला.

"माझा आंबेमोहोर," आई क्षीण आवाजात म्हणाली.

पण स्पृहा विजयी! तिने एक निरांजन उचललं, फुलवात घालायला गेली, आणि वात जाईना. दुसरं घेतलं. जाईना. प्रत्येक नळीत एकेक तांदळाचा दाणा, बूच मारल्यासारखा! हे असलं वाण बायकांना द्यायचं? आईने तिच्याकडे नुसतं बघितलं. शनिवारची बॅच तिथेच संपली, हे त्या नजरेत लिहिलेलं होतं.

मावशीने निरांजन डोळ्यापाशी धरलं, खिडकीच्या उजेडात. "चूक माझी. पुंगळीच्या भोकातही दाणा अस्साच बसतो. म्हणून एकेक उजेडात धरून बघायचं असतं. ते सांगायचं राहिलं. चला, पिना काढा!"

आणि काय सांगावं! सतरंजीवर बैठक बसली. बायकांनी साडीच्या पिना काढल्या, अंबाड्यांतले आकडे काढले, आणि उखाणे घेत घेत दाणे टोकरायला सुरुवात! मावशी मधे बसून एकेक निरांजन उजेडात धरायची. हात जराही हलायचा नाही. एवढी मोठी नेमबाज, पण तांदळाच्या दाण्यापुढेही तोच नेम! शेजारी स्पृहा, चक्क मुकाट. एकदा तर मावशीने पास केलेलं निरांजन तिने परत मागितलं. "मावशी, यात अर्धा दाणा आहे."

मावशीने बघितलं. होता!

"अरुणा," मावशी म्हणाली, "हिचे डोळे बघितलेस? आणि तासभर ही बोललेली नाही."

"तेच बघतेय," आई म्हणाली. "ताप बीप नाही ना हिला?"

बायका गेल्या. बाबा सोफ्याखालचे तांदूळ झाडत होते. आई सुस्कारा टाकून म्हणाली, "बरं बाई. जा शनिवारी."

स्पृहा उठली. ओढणीवरचे दाणे झटकले. भाषणाला उभी राहिली होती तशी ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी मावशीसारखी नेमबाज होणार, अगदी नक्की! फक्त गोळ्या तेवढ्या आपण विकतच्याच आणू हं."