हात नसलेलं स्वयंपाकघर

व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर अख्खं स्वयंपाकघर उभं राहायचं. ओटा, फडताळं, खिडकीतून येणारं ऊन, सगळं होतं. फक्त आपले हात दिसायचे नाहीत. ते डिझायनरनं काढून टाकले होते. खरी भिंत जवळ आली की उमटणारी लाल रेघही काढली होती. "दृश्यात कचरा नको," असं त्याचं म्हणणं. सहा महिने खपून केलेलं हे काम साहेबांच्या पसंतीला उतरलं, तर विभागप्रमुखाची बढती त्याचीच होती.

आदल्या दिवशी घरी बायकोनं चष्मा घालून पाहिला आणि दोन पावलांत कपाटावर आपटली.

"अरे, माझे हात कुठंयत? मी कुठं उभी आहे तेच कळत नाहीये!"

"हात खांद्यालाच आहेत तुझ्या. ते काय बघायचे?"

"मग पाय तरी दाखव!"

"तुला ना, सौंदर्यदृष्टीच नाही," असं म्हणत त्यानं तिच्या कपाळावर बर्फ धरला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब आले. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. चष्मा चढवून ते खोलीभर डुलत फिरू लागले. मंडळी कौतुकानं माना डोलवत होती.

"वा! ओटा अगदी खराखुरा दगडाचा!" साहेब खूश झाले आणि सवयीनं ओट्याला टेकले.

डोळ्यांना ओटा दिसत होता, कमरेला तो लागला नाही. तोल सावरायला साहेबांनी फडताळ धरलं, तेही नव्हतंच. मग हाताला लागलं ते धरलं. तो खोलीचा पडदा होता, आणि तो मात्र खरा होता. पडदा, दांडी आणि पाण्याचा जग असा सगळा संसार घेऊन साहेब आडवे झाले.

डिझायनरनं मनातल्या मनात राजीनामा लिहून खाली सहीसुद्धा केली.

पडद्याखालून आवाज आला, "कमाल आहे! काय ते पडणं! पाणी तर अंगावर आल्यासारखंच वाटलं!"

"आलंच आहे, साहेब..." रिसेप्शनिस्ट बोलून गेली. डिझायनरनं तिच्या पायावर पाय दिला.

"पडण्यावर विशेष मेहनत घेतलीय, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी ओल्या शर्टानिशी तिथंच बढती जाहीर केली. "शुक्रवारी गिऱ्हाइकं येतायत. प्रत्येकाला अस्संच पडता आलं पाहिजे. तोवर तुम्ही स्वतः पडून पडून ते पक्कं करा."

गुरुवार संध्याकाळपर्यंत नवे विभागप्रमुख त्रेसष्ट वेळा पडले. चौसष्टाव्या वेळी साहेब दारात उभे राहून पाहत होते.

"छे," ते मान हलवत म्हणाले, "माझ्यासारखी सहजता नाही त्यात."