ठवकरकाकांची हरकत

ठवकरकाका पोथी वाचताना नेमके चमत्कारापाशी थांबतात. ओवीवर बोट ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "इथं माही हरकत आहे."

काका भिलाईच्या कारखान्यातून रिटायर झाले. अपघात झाला की चौकशी करायची, हे त्यांचं काम. त्यामुळे महाराजांनी एका भांड्यातल्या भातात सगळं गाव जेवू घातलं, की काका साक्षीदार मागतात. "भांडं केवढं होतं? भात कोणी मोजला? अन् नाइट शिफ्टवाले जेवले का?"

मग असा माणूस पोथीला बोलवायचा कावून? कारण भिलाईतल्या आमच्या रुआबांधा वस्तीत, मराठी घरांत जुनी मराठी न अडखळता वाचणारे एक काकाच उरलेत. आमची पोरं दुसऱ्याच ओळीला "पापा, मतलब?" विचारतात. एकदा मीच वाचायला बसलो होतो. एकच अध्याय दोनदा वाचला. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

यंदा आमच्याकडच्या पारायणाला गोंदियाहून सासूबाई येणार होत्या. बायकोने बजावलं, "काकाले सांगून द्या, या वेळी हरकत नको." मी शहाण्यासारखा जाऊन सांगून आलो. काका एवढंच म्हणाले, "बरं." मला वाटलं, जिंकलो.

भाताचा चमत्कार आला. सगळ्यांनी माना वर केल्या. काका सरळ पुढे वाचत गेले. पोथी भरभर संपली, आरती झाली, आणि प्रसाद हातात पडताच लोक चपला शोधू लागले. एरवी याच लोकांना काकांशी भांडताना चहाचे दोन फेरे पुरत नाहीत.

सासूबाई तर रुसल्याच. "जावईबापू, हे त काहीच बोलले नाही. मी गाडीत बसून जबाब तयार करून आणला होता ना."

माझं डोकंच चालेना. देव मानणाऱ्यांना शंका हवी होती, आणि शंका घेणारा मुकाट्याने पोथी कापडात बांधत होता.

"काका, खरं सांगा, तुमचा विश्वास आहे का नाही?"

"मले का मालूम," काका म्हणाले. "हरकत घेतली का लोक बसतात. तुही काकू होती तवा रोज भांडे माह्याशी. देवाची चौकशी करून राहिले म्हणे, लाज नाही वाटत. आता घरी एकटाच वाचतो. हरकत घेतो, अन् घर चुप."

ते उठून दारापर्यंत गेले. मी घाईघाईने म्हणालो, "थांबा काका. मले पण एक हरकत आहे."

"कोणती?"

कोणती, ते मला तरी कुठे ठाऊक होतं. मी पंख्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. 

काका परत येऊन सतरंजीवर बसले.

"आठव," म्हणाले. "मले काही घाई नाही."