समुद्रासाठी मुक्कामाचं गाव : एक आदर्श निवड

परदेशातला समुद्रकिनारा मोटारीनं पाहायचा, तर पासपोर्ट, तिकीट आणि समुद्र एवढ्या तीन गोष्टी पुरतात, असा आपल्याकडे भाबडा समज आहे. या तिन्ही दुय्यम आहेत. मुख्य गोष्ट म्हणजे मुक्कामाचं गाव आणि ते निवडणारी समिती.

२००३ साली शिरूरमध्ये अशी एक समिती कामाला लागली. सहल श्रीलंकेची, दिवस चार, व्हॅन भाड्याची. सदस्य : दौंडहून निवृत्त झालेले रेल्वेचे गार्ड जॉन्सनसाहेब (अध्यक्ष), सरकारी कचेरीतला लिपिक महेंद्र (सचिव, अक्षर बरं म्हणून), महेंद्रची बायको राजश्री (चहा), आणि अध्यक्षांच्या पत्नी दबोराबाई. दबोराबाईंचं पद लिहायचं राहिलं.

बाईंनी मिशनच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. महेंद्र त्यांचाच विद्यार्थी. निळ्या खडूनं त्यांनी फळ्यावर जेवढा समुद्र काढला, तेवढ्यात अख्खं शिरूर बुडालं असतं. खरा समुद्र दोनदा पाहिला, तोही शाळेच्या सहलीत, ऐंशी पोरं मोजता मोजता. (पोरं ऐंशी भरली. समुद्र बघायचा राहिला.) आता त्यांची मागणी एकच होती. सकाळी डोळे उघडावेत आणि खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून समुद्र दिसावा.

बैठक पहिली

"गॉलला राहू," बाई म्हणाल्या. "अगदी किनाऱ्यावर आहे."

"आगं, गॉल टोकाला हाय," जॉन्सनसाहेब म्हणाले. "टोकाला कोण ऱ्हातं? उद्या म्हणशील, इनामगावात राहून पुणं बघू."

"मग कुठं राहायचं?"

"जंक्शनला. दौंडचंच बघ की. मनमाड, सोलापूर, पुणं, बारामती, कुठं बी जाता येतं."

याला तोड नव्हती. साहेब स्वतः तेहतीस वर्षं दौंडात राहिले होते. तिथून कुठंही, कधीही जाता येत असल्यामुळं त्यांना कुठंच जावं लागलं नव्हतं. (ड्यूटी धरलेली नाही.) सहल रस्त्यानं आहे, रेल्वेनं नाही, हा मुद्दा राजश्रीनं चहा ठेवता ठेवता काढला. पण चहा गरम होता, तो आधी घेतला गेला.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. पोलगहवेला. रेल्वेचं जंक्शन, बेटाच्या पोटात. समुद्राची झुळूकही जिथं विचारूनच येत असेल, असं गाव.

इतिवृत्तात सचिवांनी लिहिलं : "सौ. दबोराबाईंच्या सूचनेची नोंद घेण्यात आली." नोंद घेणं हा आपल्या कामकाजातला सर्वोच्च सन्मान आहे. तो मिळाल्यावर सूचनेला आयुष्यात दुसरं काही करावं लागत नाही.

बैठक दुसरी (गुणतक्ता)

चारी दिशांना रस्ते : २५
कुणाच्याच आवडीच्या जागेजवळ नसणं : २५
गरम पाणी : २०
गाडी लावायला जागा : २०
मालकाचा स्वभाव (फोनवरून) : १०
समुद्र : लागू नाही (तो बघायला तर जायचंच आहे)

गॉलला एकतीस गुण पडले. पोलगहवेलाला चौऱ्याण्णव. सहा गुण गावाचं नाव एका दमात म्हणता येईना म्हणून कापले.

"बाईंना समुद्र पायजे, आन् तुम्ही त्यांना जंक्शन देताय," राजश्री म्हणाली.

"कुणालाच काय जवळ न्हाई," महेंद्र म्हणाला. "म्हंजी कुणावर अन्याय बी न्हाई."

(महेंद्रला पाहायचं होतं ते कँडीचं विहार मुक्कामापासून दीड तासावर निघालं. हा योगायोग असल्याचं सचिवांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.)

मतदानाच्या वेळी बाई गॉलचा नकाशा बघत होत्या. म्हणून ठराव एकमतानं.

प्रत्यक्ष सहल

पहिला दिवस : पोचणं.
दुसरा दिवस : कँडी.
तिसरा दिवस : समुद्र.

पहाटे पाचला निघून व्हॅन साडेदहाला गॉलला लागली. दिवेलागणीच्या आत मुक्कामाला परतायचं, हा अध्यक्षांचा नियम. त्यामुळं गॉलला थांबा सत्तर मिनिटं. पैकी भात-माशाला चाळीस, फोटोला बारा, संडास शोधायला अठरा. समुद्र उरलेल्या वेळात.

"चला, सुटायची येळ झाली," साहेब व्हॅनजवळून ओरडले.

बाई खानावळीच्या बाजूच्या जिन्यावरून खाली आल्या. हातात किल्ली होती.

"मी इथंच राहते."

"आगं, मुक्काम तिकडं हाय!"

"तुमचा आहे. तुम्ही जा."

"एकटीच?"

"अहो, खोलीत एकच खिडकी आहे. गर्दी कशाला?"

राजश्री व्हॅनमध्ये बसली होती, ती पिशवी घेऊन उतरली. "बाई, दुसरी खाट हाय का?"

"आहे. पण भिंतीकडं."

"चालंल."

महेंद्रनं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडं. व्हॅन वेळेवर सुटली.

अहवाल

मुक्कामाच्या गावी शेवटच्या रात्री उपस्थिती पन्नास टक्के. गणपूर्ती झाली. गरम पाणी दुप्पट मिळालं. गावाची निवड योग्य ठरली. (एकमतानं. दोघांच्या.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी विमानतळावर दोघी बायका साध्या बसनं वेळेवर पोचल्या. व्हॅन जंक्शनच्या गर्दीत अडकून पाऊण तास उशिरा आली.

त्या दिवशी सकाळी सहाला दबोराबाईंनी डोळे उघडले. खिडकीत समुद्र होता. नऊपर्यंत त्या खाटेवरच होत्या आणि त्यांनी काहीही केलं नाही. (याची नोंद कुठंही नाही.)

मागणीवरून प्रती

हा अहवाल शिरूर-दौंड भागात इतका नावाजला, की त्यानंतर अकरा कुटुंबांनी आपली सहल याच पद्धतीनं ठरवली. प्रत हवी असल्यास सर्व सदस्यांची नावं आणि प्रत्येकाची मागणी लिहून अर्ज करावा.

आपला अर्ज मिळाला आहे. एका सदस्यापुढचा मागणीचा रकाना मात्र कोरा आहे. घरात विचारून भरावा. विचारायची गरज नाही, उत्तर ठाऊक आहे, असं वाटत असेल तर अभिनंदन : आपण अध्यक्ष आहात.