अपेक्षाची वगार

यंदा पहिला नंबर आपलाच, असं अपेक्षानं अमरावतीच्या होस्टेलवर छातीठोक जाहीर करून टाकलं होतं! चित्रकला महाविद्यालयाचं शेवटचं वर्ष, सोमवारी शिल्पाची परीक्षा, आणि परीक्षक केयूर सर. हे सर तीन वर्षं एकच म्हणत आलेले, "हात चांगला आहे, पण कामात जीव नाही."

"जीवच पाहिजे न? आणते!" म्हणत पोरगी चांदूर बाजारजवळच्या आपल्या गावी आली आणि तिनं घरात उच्छाद मांडला. काळ्या मातीचं काही केलं, ते वाळून तडकलं. साबुदाण्याच्या खळीत कापूस कालवला, त्याला मुंग्या लागल्या. पुरणाची चाळणी कामी आली, ती कायमचीच.

"पोरी, हे घर हाय का कारखाना?" तिची माय गोदाबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

शेवटी जमलं! कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा सांगाडा, वर तरट, त्यावर सरकीच्या ढेपेचा नि गुळाचा लेप, वरून चुलीची काजळी. म्हशीची तान्ही वगार उभी राहिली! वगारच कावून? तर घरच्या म्हशीची वगार आठ दिवसांआधी मेली होती. म्हैस दिवसभर ओरडायची, पान्हा सोडायची नाही, आणि बाप रामराव बादली घेऊन बसला की लाथ मारायची. तिचं ते ओरडणं अपेक्षाच्या डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी तिनं वगार अंगणात वाळत ठेवली. आंघोळ करून येते तो काय! म्हैस दावं तोडून वगारीला चाटत उभी!

"बाबा, हाकला तिले! माह्या परीक्षेचं हाय थे!"

"चूप!" रामराव खाली बसला, सड धरले आणि चर्र चर्र धार लागली. आठ दिवसांनी! "बादली आण न! पाहून काय राहिली?"

बादली भरली. अर्धा लेप मात्र म्हशीच्या पोटात गेला. अपेक्षानं पुन्हा लेप दिला, म्हशीनं पुन्हा चाटला.

सोमवारी वगार ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवली, तर म्हशीनं खुंटाच उपटला आणि गाडीमागं धावत सुटली!

"बाबा, आता?"

"आता काय? तिलेही चढव!"

कॉलेजच्या फाटकावर शिपाई आडवा आला. "ओ काका, म्हैस कुठं?"

"मॉडेल हाय," रामराव ठसक्यात म्हणाला.

केयूर सर आवारात आले. म्हैस वगारीची मान चाटत होती, आणि तिच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. सर बराच वेळ चष्माच पुसत राहिले. मग त्यांनी कागद काढला. "माध्यम काय लिहू?"

"पऱ्हाटी, तरट, ढेप, गूळ..."

"म्हैस लिवा न," रामराव म्हणाला.

"पहिला नंबर!" सर म्हणाले. "उचला. आता महिनाभर प्रदर्शनाच्या दालनात राहील."

शिपायानं वगारीला हात लावला मात्र, म्हशीनं असा टाहो फोडला की अपेक्षानं धावत येऊन वगारीचे पुढचे पाय धरले.

"बाबा, मागचे पाय धरा. गाडीत चढवू."

"अगं, काम दालनात नसलं तर नंबर दुसऱ्याला द्यावा लागेल! नियम आहे!"

"द्या सर. एकदा गेली न तिची वगार. दुसऱ्यांदा मी नाई नेत." बोलली खरी, पण डोळे भरून आले. तीन वर्षं तिनं त्या नंबराची वाट पाहिली होती!

रामरावानं आयुष्यात पोरीच्या चित्राला बरं म्हटलं नव्हतं. वगार नि म्हैस गाडीत चढवल्यावर त्यानं दुपट्ट्यानं नाक पुसलं, वर चढून बैलबाजारात जनावर पारखावं तशी ती वगार मागून-पुढून न्याहाळली.

"डावा कान जरासा मोठा झाला," तो म्हणाला. "बाकी... बाकी अस्सल हाय."

अपेक्षाला हुंदकाच फुटला. तेवढ्यात म्हशीनं मान लांबवली आणि तो डावा कान मुळापासून खाऊन टाकला!

"पाह्य," रामराव म्हणाला, "तिलेही तेच वाटून राहिलं होतं!"